घाई कुठे करायची, ते ऐक

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला गं. दर चार ओळींनी 'ताई, मी चुकतेय का' असं विचारलंयस, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. नाही चुकत. स्क्वॉट 80 वर अडकलाय, बेंच 40 वरून हलत नाही, डेडलिफ्ट कशीबशी 100, स्पर्धा दोन महिन्यांवर, घरी भातलावणी तोंडावर. त्यात जिममधलं कुणीतरी म्हणालं, 'तू स्पीडवर कामच करत नाहीस, म्हणून अडकलीस.' मग तू मोबाईलवर बारला साखळ्या लटकवून दणादण स्क्वॉट मारणारे धिप्पाड अमेरिकन बघितलेस आणि झोप उडवून घेतलीस. बघ, वडेश्वरच्या पुढच्या गावातून जीप पकडून टाकव्यावरून कान्हे फाट्याला यायचं, तिथून जिम गाठायची आणि शेवटची गाडी चुकायच्या आत घरी परतायचं, एवढं करूनही जी मुलगी 57 किलो वजनात 100 किलो जमिनीवरून उचलते, तिला कुणी आळशी म्हणू शकत नाही. तेव्हा आता शांतपणे ऐक.

वेगानं ताकद वाढते का? वाढते. पण तुला सांगितलंय त्या कारणानं नाही, आणि त्या व्हिडिओत दाखवतात त्या पद्धतीनं तर तुझी मुळीच नाही.

आपल्या खेळात, म्हणजे पॉवरलिफ्टिंगमध्ये, वेगाला गुण नाहीत. बार किती सेकंदांत वर गेला हे एकही पंच बघत नाही. खाली नीट गेलीस का, वर जाताना बार मध्येच परत खाली आला का, शेवटी गुडघे सरळ झाले का, एवढंच बघतात. म्हणजे गोगलगायीच्या गतीनं वर गेलेला 80 आणि सपकन वर गेलेला 80, पाटीवर दोन्ही सारखेच. मग वेगाच्या मागे लागायचंच कशाला, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शाळेत न्यूटननं दिलं होतं, आपण तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो.

हिशेब सोपा आहे. बारवर 60 किलो आहेत. ते नुसतं तोलून धरायला 60 किलोचाच जोर लागतो. तोच बार तू असा ओढलास की दर सेकंदाला त्याचा वेग दोन मीटरनं वाढेल, तर त्या क्षणी तुझा जोर 72 किलोइतका होतो. वजन तेवढंच, पण जोर पाचव्या हिश्शानं जास्त. आता हेच 80 वर करून बघ. तिथे तोच आकडा 96 च्या घरात जातो, आणि तुझी आजवरची सगळ्यात जड डेडलिफ्ट 100 ची आहे. काय दिसलं? हलकं वजन कितीही जोरात ओढलंस तरी ते जड वजनाची बरोबरी करत नाही, पण बऱ्यापैकी जड वजन मनापासून जोरात ओढलंस तर क्षणभर का होईना, तू तुझ्या कमाल जोराच्या जवळ जातेस. आणि तेही पाठीचं भुस्कट न पाडता.

आता यातली गोम सांगते, ती व्हिडिओवाले सांगत नाहीत. बार हलका असेल आणि तू तो जोरात ढकललास, तर वरच्या टोकाला तुला तो थांबवावाच लागतो, नाहीतर हातातून सुटेल किंवा खांद्यावरून उडेल. म्हणजे प्रवासाचा खालचा भाग ढकलण्यात जातो आणि वरचा बराचसा भाग, कधीकधी अर्धासुद्धा, आवरतं घेण्यात. शरीर तेवढा वेळ चक्क ब्रेक मारायला शिकत असतं. त्या साखळ्या आणि रबरी पट्टे तेवढ्याचसाठी असतात. खाली असताना साखळी जमिनीवर पडलेली असते, वर जाल तशी ती उचलली जाऊन वजन वाढत जातं, त्यामुळे वरपर्यंत जोर लावत राहावं लागतं. कल्पना हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण तू उद्या गोठ्यातली साखळी घेऊन जिममध्ये जाऊ नकोस. मला तुझा स्वभाव माहीत आहे.

ही पद्धत गाजवली ती अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या वेस्टसाइड बारबेल या जिमनं आणि तिचे मालक लुई सिमन्स यांनी. ते 2022 मध्ये वारले. त्यांनी सोव्हिएत पुस्तकं पालथी घातली, आठवड्यात एक दिवस जास्तीत जास्त जड आणि साधारण तीन दिवसांनी एक दिवस वेगाचा, अशी घडी बसवली. वेगाच्या दिवशी कमाल वजनाच्या निम्म्याच्या आसपास किंवा थोडं वर, दोन-दोन रेप्सचे दहा-बारा सेट, मधे मिनिटभरसुद्धा विश्रांती नाही. त्यांच्याकडे त्यातून राक्षसी ताकदीची माणसं निघाली. पण खरं सांगू का, ती माणसं जाडजूड स्क्वॉट सूट आणि बेंच शर्ट घालून उचलायची. सूट खालच्या टप्प्यात माणसाला अक्षरशः वर फेकतो. तू उतरणार क्लासिक गटात, म्हणजे अंगावर साधा सिंगलेट, कमरेला बेल्ट आणि फार तर गुडघ्याला स्लीव्ह. तुला खालून वर फेकणारं कुणी नाही, तुझ्या मांड्याच काय त्या. त्यांची टक्केवारी उचलून तू 40 किलोवर बारा सेट मारलेस तर घाम येईल, बरं वाटेल आणि स्क्वॉट जिथल्या तिथे राहील.

दुसरा एक गैरसमज आत्ताच मोडून टाकते. तुला सांगितलंय ना, 'खालून वेग घे, म्हणजे अडकायच्या जागेतून बार आपोआप निघून जाईल'? ऐकायला झकास वाटतं. पण कमाल वजनाच्या स्क्वॉटमध्ये बार सेकंदाला जेमतेम तीस-चाळीस सेंटिमीटर या गतीनं चाललेला असतो. एवढ्या गतीवर तू जोर लावणं थांबवलंस तर बार आपल्या वेगानं आणखी किती वर जाईल माहितीये? सेंटिमीटरभरही नाही. आणि अडकायची जागा चांगली वीतभर असते. तेव्हा तिथून वेग तुला नेणार नाही. तिथे तुझी छाती वर असली पाहिजे, गुडघे आत पडलेले नसले पाहिजेत आणि मांड्यांत जोर असला पाहिजे. तो जोर जड वजनानंच येतो. त्याला पळवाट नाही, मी शोधून दमले.

मग वेगाचा उपयोग नक्की कुठे? तर जोर लवकर आणि एकदम गोळा करण्यात. जून-जुलैमध्ये चिखलात रुतलेली जीप ढकलायला चौघं उतरतात, तेव्हा एकानं आत्ता, दुसऱ्यानं मग असं ढकललं तर ती हलत नाही. एकानं 'हं' म्हणायचं आणि सगळ्यांनी त्याच क्षणी रेटायचं. स्नायूंतले तंतूही असेच असतात. मेंदू आधी बारक्यांना कामाला लावतो, दांडग्यांना गरज पडली तरच बोलावतो. तू जीव तोडून वेगानं ढकलायचं ठरवतेस तेव्हा दांडग्यांना पहिल्या क्षणापासूनच हाक जाते.

यात ठरवण्याला महत्त्व आहे बरं का, प्रत्यक्ष दिसणाऱ्या वेगाला नाही. कॅनडातल्या बेम आणि सेल या दोघांनी 1993 मध्ये दाखवलं होतं की सांधा जागचा हलला नाही तरी झटक्यात हलवायचा प्रयत्न केला की शरीर झटका द्यायला शिकतं. आणि 2014 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांचा बेंच प्रेसवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन गट, वजनं तीच, रेप्स तेवढ्याच. एका गटानं प्रत्येक रेप जमेल तितक्या वेगानं ढकलली, दुसऱ्यानं मुद्दाम निम्म्या वेगानं. सहा आठवड्यांनी वेगवाल्यांची वाढ दुसऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. यासाठी वेगळा दिवस लागला नाही, साखळी लागली नाही, एक रुपया लागला नाही. म्हणून माझा पहिला हुकूम असा की सरावातली प्रत्येक रेप, अगदी रिकाम्या बारची वॉर्मअपची रेपसुद्धा, वर जाताना जोरात. खाली जाताना मात्र मुळीच घाई नाही. खाली आपण हळू आणि ताब्यात जायचं, वर झपाट्यानं यायचं. तू उलटं करतेस. तुझा मागचा व्हिडिओ मी बघितलाय, खाली धपकन पडतेस आणि मग वर यायला देवाचा धावा करतेस. हे मी तुला रागावून सांगत नाहीये, मी सुरुवातीला याहून वाईट होते. बेंचवर पंचांची आज्ञा यायच्या आधीच बार रॅकला लावून, उठून, हसत हात वर करणारी बाई बघितलीयस कधी? उचल बाद ठरवणारे तीन लाल दिवे लागले तेव्हा मला वाटलं, माझं कौतुकच चाललंय.

आता लांब अमेरिकेत कशाला जायचं, आपल्या तालुक्यातच बघ. वडगाव मावळची हर्षदा गरुड. 2022 च्या मे महिन्यात ग्रीसमध्ये, क्रीट बेटावरच्या हेराक्लिऑनला जागतिक ज्युनिअर वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. 45 किलो गटात स्नॅचमध्ये 70 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 83, मिळून 153 किलो उचलून तिनं सोनं आणलं. या स्पर्धेत भारताला मिळालेलं ते पहिलंच सुवर्ण. वडील शरद गरुड स्वतः वेटलिफ्टिंग केलेले, तालीम वडगावातच बिहारी दुबे यांच्याकडे. तिच्या अंगात बाहेरून आणलेलं काही नाही गं, आपलीच माती आणि आपलाच इंद्रायणी भात. तो तांदूळही वडगावच्याच भात संशोधन केंद्रात तयार झालाय.

तिचा खेळ आणि आपला खेळ वेगळा, हे मात्र ध्यानात ठेव. स्नॅच हळू होऊच शकत नाही. बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर गेला तर गेला, मध्ये रेंगाळला की पडला. तिथे वेग हाच खेळ आहे. तरीही कुठल्याही वेटलिफ्टरच्या सरावात जाऊन बघ, जड स्क्वॉट आणि जड पुल सुटलेले दिसणार नाहीत. वेगाचे खेळाडूसुद्धा पायाला जड कामच घालतात आणि त्यावर वेग चढवतात. तू पाया अजून घालते आहेस. 80 चा स्क्वॉट म्हणजे चांगली सुरुवात आहे, छप्पर नाही. म्हणून आत्ता तुला आठवड्यातला एक अख्खा दिवस वेगाला देणं परवडत नाही. आणि मोबाईलवर बघून स्नॅच करायला जाऊ नकोस हं, खांदा निखळला तर तुझ्या आईला तोंड मलाच द्यावं लागेल.

आता तुझ्या बेंचचं बोलू, कारण मला वाटतं तिथे आपण उगाच वेगाला दोष देतोय. तुझ्या जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट कितीची आहे? अडीच किलोची, बरोबर ना? म्हणजे दोन्ही बाजूंना एक-एक लावली की वजन एकदम 5 किलोनं वाढतं. 40 वर 5 म्हणजे आठवा हिस्सा. शेजारचा पोरगा 100 चा बेंच मारतो, त्याला तेच 5 किलो म्हणजे विसावा हिस्सा. तो दर महिन्याला एक पायरी चढतो, तुला दर वेळी भिंत चढायला सांगतात आणि वर म्हणतात, 'स्पीड नाही.' अगं, सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडी विकत घे. स्वतःची घे, पिशवीत ठेव, नाव घाल, कुणाला देऊ नकोस. अर्ध्या किलोच्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. माझ्या मते तुझं बेंच निम्मं प्लेटांमुळे अडकलंय, आणि उरलेलं निम्मं यामुळे की तू छातीवर थांबत नाहीस. स्पर्धेत बार छातीवर पूर्ण स्थिर झाल्याशिवाय 'प्रेस' म्हणत नाहीत. जिममध्ये छातीवर आपटून उसळवलेले 40 तिथे 35 होतात. थांबून, मग जोरात, हाच बेंचमधला खरा वेगाचा व्यायाम. हे कुणी विकत नाही, म्हणून त्याचा व्हिडिओही कुणी काढत नाही.

आणि तो बार एकदा भाताच्या काट्यावर घालून बघ. गावाकडच्या जिमचे बार 20 किलोचेच असतात असं समजू नकोस. कुठे 15 चा निघतो, कुठे 18 चा. स्पर्धेत बार 20 चा आणि त्याच्या दोन्ही कॉलर अडीच-अडीच किलोच्या, म्हणजे नुसताच 25 झाला. आपला आकडा खोटा निघाला तर वाईट वाटतं, पण ते स्पर्धेच्या मंचावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

बरं, आता आठवड्याची घडी. तू तीनच दिवस येऊ शकतेस, पुरे झालं. पहिल्या दिवशी जड स्क्वॉट, 67 ते 70 किलोवर तीन-तीन रेप्स, चार सेट, मधे तीन-चार मिनिटं निवांत बसायचं. मोबाईलवर बसू नकोस म्हटलं तरी बसशील, बस. त्या दिवशी बेंच हलकं. मधल्या दिवशी बेंच जड आणि डेडलिफ्ट जड. तिसरा दिवस तुझा लाडका, झटपट दिवस. स्क्वॉट 55 वर दोन-दोन रेप्सचे सहा सेट, बेंच साडेसत्तावीसवर तीन-तीनचे सहा, डेडलिफ्ट 70 वर एकेक करून सहा वेळा, दर वेळी बार सोडून, मागे होऊन, पाय पुन्हा लावून. मधे मिनिट-दीड मिनिट. साधारण सत्तर टक्के वजन झालं हे. निम्म्यावर आपण जाणार नाही, का ते वर सांगितलंच. प्रत्येक रेप स्पर्धेतल्यासारखी. मैत्रिणीला समोर उभी करून आज्ञा द्यायला लाव, 'स्क्वॉट', 'रॅक', 'स्टार्ट', 'प्रेस', 'डाउन'. तिला मजा येईल, तुला शिस्त लागेल.

या तिसऱ्या दिवसाचा खरा फायदा वेगाचा कमी आणि उजळणीचा जास्त आहे. जड दिवशी तुझ्या हातून चांगल्या रेप्स किती होतात? दहा-बारा, त्यातल्याही शेवटच्या वाकड्या. इथे तुला सहा वेळा बारखाली शिरणं, पोटात श्वास भरणं, पाय रोवणं करायला मिळतं आणि एकही रेप झगडा होत नाही. अंग दुखत नाही, दुसऱ्या दिवशी शेतात वाकता येतं. आणि ते महत्त्वाचं आहे, कारण लावणीच्या दिवसांत तू सकाळपासून चिखलात कमरेत वाकलेली असणार. तो पाठीचा व्यायामच आहे, कुणी मोजत नाही इतकंच. तेव्हा लावणी चालू असेल त्या आठवड्यात जड डेडलिफ्ट सरळ सोडून द्यायची आणि डेडलिफ्टच्या दोन्ही दिवशी झटपट कामच करायचं. अपराधी वाटून घेऊ नकोस. ताकद आठवड्याभरात उडून जात नाही, पण दमलेल्या कमरेनं 95 ओढायला गेलीस तर कंबर मात्र धरते.

वेग मोजायला यंत्र लागतं असं वाटतंय ना तुला? आपल्याकडे फोन आहे. पाण्याची बाटली टेकवून फोन बाजूला उभा कर, कमरेच्या उंचीवर. मग बघ, पहिली रेप वर यायला किती वेळ लागला आणि शेवटची किती. शेवटच्या रेपला पहिलीपेक्षा साधारण सव्वापट वेळ लागला की सेट संपला. वहीत पाच लिहिल्या असल्या तरी चौथीला थांब. स्पेनमधल्याच मंडळींनी 2017 मध्ये स्क्वॉटवर हे करून बघितलं होतं. वेग पाचव्या हिश्शानं कमी झाल्यावर थांबणारे आणि चांगला चाळीस टक्के कमी होईपर्यंत रेटणारे, दोघांची ताकद सारखीच वाढली, आणि आधी थांबणाऱ्यांनी रेप्स मात्र बऱ्याच कमी केल्या होत्या. मांड्या जास्त भरल्या त्या रेटणाऱ्यांच्या, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण तुला आत्ता मांड्या नकोत, पाटीवर आकडा हवाय. आणखी एक, ज्या दिवशी बारवरचे नेहमीचे 55 सुद्धा रांगत वर जातायत, त्या दिवशी अंग काहीतरी सांगतंय. झोप झाली नसेल, पाळी आली असेल, घरी भांडण झालं असेल. त्या दिवशी जड काम पुढे ढकल आणि घरी जाऊन गरम भात-आमटी खा, दोन अंडी घाल त्यात.

पाळीवरून आठवलं, आणि हे तू मेसेजमध्ये तीन टिंबं देऊन अर्धवट सोडलंयस ते मला कळलंय. जड डेडलिफ्टला थोडी लघवी निसटते, हेच ना? अगं, लाजू नकोस. या खेळातल्या कितीतरी बायकांना होतं, मूल झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही. पॅड लाव, गडद रंगाची पँट घाल, सरावाआधी जाऊन ये. पण पाणी पिणं कमी करायचं नाही, हे ठासून सांगते. सगळा श्वास छातीत कोंडून खाली जोर देतेस का ते बघ. श्वास पोटात चहूबाजूंनी भरायचा आणि ओटीपोटाखालचा भाग वर उचलून धरायचा. महिन्याभरात फरक नाही पडला तर बायकांच्या तक्रारी बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. व्यायामानं सुधारणारी गोष्ट आहे ती. 'बाईच्या जातीला जड उचलू नये' असं कुणी म्हणालं, तर त्यांना विहिरीवरून हंडे कोण आणत होतं ते विचार.

शेवटचे पंधरा दिवस नीट ऐक, कारण झटपट काम खरं तिथेच पोटभर कामाला येतं. स्पर्धेच्या साधारण दहा दिवस आधी शेवटचा जड दिवस. त्यानंतर वजनं खाली, रेप्स कमी, पण प्रत्येक रेप सपकन. अंगातला थकवा उतरतो आणि हालचाल विसरत नाही. त्या आठवड्यात तुला वाटेल की आपण काहीच करत नाही आहोत आणि ताकद चाललीये. मग तू गुपचूप एकदा 80 लावून बघशील. बघू नकोस. मी लावून बघितले होते आणि स्पर्धेत तेवढेच अडले.

स्पर्धेच्या दिवशी वजन-काटा स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतो, तोवर उपाशी राहून 52 च्या गटात घुसायचे उद्योग पहिल्याच स्पर्धेत करायचे नाहीत. 57 मध्येच उतर आणि काट्यावरून उतरल्या उतरल्या खा. पहिली उचल अशी दे की सर्दी झालेली असली तरी जाईल. स्क्वॉटला 72.5, मग 77.5, आणि तिसऱ्यांदा 82.5. तुझं नाव पुकारून बार भरला की उचल सुरू करायला तुला एक मिनिट असतं, आणि उचल झाल्यावर पुढचं वजन सांगायलाही एकच मिनिट. त्या एका मिनिटात मन घाबरतं आणि काहीही आकडा सांगून मोकळं होतं. म्हणून मैत्रिणीला दुसऱ्या उचलीचा वेग बघायला सांग. 77.5 झपकन गेले तर 82.5, झगडत गेले तर 80. तीनही उचली फसल्या तर पूर्ण स्पर्धेतून बाहेर, त्यामुळे पहिलीत शूरपणा नको.

एक विसरलेच. वर जाताना घाई कर म्हटलं म्हणून बार खांद्यावर घेताना, रॅकमधून मागे येताना घाई करू नकोस. दोन पावलं, पाय लाव, श्वास भर, आज्ञेची वाट बघ. आणि स्पॉटर नसताना जड बेंच नाहीच. मग तू मला कितीही गोड बोल.

या आठवड्यात दोनच कामं कर. बार काट्यावर घाल आणि सव्वा किलोच्या प्लेटांची चौकशी कर, तळेगावात नाही मिळाल्या तर पुण्यात मिळतील. तिसऱ्या दिवशीच्या 55 च्या स्क्वॉटचा व्हिडिओ मला पाठव. बाजूनं काढलेला पाठव, समोरून काढलेला पाठवलास तर मी बघणार नाही.